वाकडं झाड

वाळवंटात फोटोसाठी झकास जागा दाखवणं हा माझा धंदा. जीपमध्ये बसायच्या आधी लोक विचारतात, सूर्य कुठून छान दिसतो, उंट मिळतील का. या काकांनी एवढंच विचारलं, "गाडीत फावडं आहे ना?"

"आहे की. चाक रुतलं तर लागतंच," मी म्हणालो.

मग त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. एक वाळकं, वाकडं झाड आणि त्याच्या मागे वाळूची उंच टेकडी. त्यांना हीच जागा हवी होती. फोटोवर तारीख दोन वर्षांपूर्वीची.

"काका, वाळूची टेकडी काय एका जागी बसते? वारा नेईल तिकडे जाते. याहून भारी जागा दाखवतो, चला."

पण काका ऐकतील तर शपथ! तीन दिवस नुसती वणवण केली. तिसऱ्या संध्याकाळी एका टेकडीच्या उतारावर, वाळूतून हातभर वर आलेला वाकडा शेंडा दिसला. बाकीचं झाड टेकडीनं गिळलं होतं. तरी मला कोण आनंद झाला!

"सापडलं, काका! ऊन बघा कसं सोनेरी पडलंय. काढा लवकर कॅमेरा."

काका फावडं घेऊन खाली उतरले.


"कॅमेरा मुलाकडे आहे," ते म्हणाले. "हा फोटो पाठवून त्यानं कळवलं होतं, गाडी बंद पडलीय, या झाडाखाली थांबतो."