शनिवारची झाडलोट

शनिवारी दुपारी तीन वाजता वासंतीताई रणपिसे चर्चच्या बाजूच्या दारातून आत शिरल्या, त्या चपला हातात घेऊन. आवाज होऊ द्यायचा नव्हता.

आत यमुनाबाई स्टुलावर उभ्या राहून पंखा पुसत होत्या. पात्यांवरच्या लाल अक्षरांवरून ओलं फडकं फिरत होतं: 'श्री. व सौ. जयसिंग रणपिसे यांजकडून सप्रेम भेट'. सहाही पंखे वासंतीताईंनीच दिले होते. नाव रंगाऱ्याकडून मोठं काढून घेतलं होतं, कारण बारीक अक्षरं खालून दिसत नाहीत.

वासंतीताई खांबाआड थांबल्या. यमुनाबाई खाली उतरल्या, गुडघा दाबत क्षणभर टेकल्या आणि बादली उचलून मागच्या संडासांकडे गेल्या.

दिवाळीत वॉचमन काम सोडून गेला, तरी चर्च लखलखीतच राहिलं. म्हणून वासंतीताईंनी चौकशी केली, तेव्हा कळलं की हे त्याचं काम नव्हतंच. अडुसष्ट वर्षांची ही विधवा दर शनिवारी धायरीहून निघते, स्वारगेटला बस बदलते आणि इथे येऊन संडास घासते. पगार नाही, कुणी सांगितलेलं नाही.

"फुकट? पुण्यात?" वासंतीताई भगिनी मंडळात म्हणाल्या होत्या, "इथे पत्तासुद्धा कुणी फुकट सांगत नाही."

कारणही त्यांना सापडलं होतं. वॉचमनची आवारातली खोली रिकामी होती. ती कुणाला द्यायची हे उद्या चर्चचे पंच ठरवणार होते, आणि पंचांत वासंतीताईंचा मुलगा सलिल होता. उपासना सुटली की यमुनाबाई दर रविवारी वासंतीताईंना गाठून एकच विचारायच्या, "सलिल बरा हाय ना?" ना नवऱ्याची चौकशी, ना सुनेची.

"बरा आहे की. त्याला काय धाड भरलीय?" वासंतीताई म्हणायच्या. आता त्या विचारण्याचा अर्थ लागला होता.

त्या तशाच पाळकांच्या खोलीत गेल्या. पाळक राजस भालेराव उद्याचा उपदेश लिहीत बसले होते.

"पाळकसाहेब, त्या बाईंचा खोलीवर डोळा आहे. देवाला द्यायचं तर निर्मळ मनानं द्यावं. असा सौदा करू नये."

पाळकसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "खोली घेता का, असं मी गेल्याच महिन्यात त्यांना विचारलं होतं, ताई. नको म्हणाल्या."

"नको?"

"मुलाकडे सुखात आहे म्हणाल्या."

"मग हे सगळं कशासाठी?"

"मीही तेच विचारलं. 'हे माझं न्हाई,' एवढंच बोलल्या."

वासंतीताईंचा संशय गेला नाही, उलट पक्का झाला. माझं नाही म्हणजे कुणाचं? पंचांपैकी कुणीतरी बाईंना पुढे केलं असणार. आपलं नाव असलेल्या या चर्चमध्ये आपल्या पाठीमागे काहीतरी शिजतंय.

यमुनाबाई नळावर फडकी पिळत होत्या.

"यमुनाबाई, सरळ विचारते. एवढ्या सेवेच्या बदल्यात देवाकडे काय मागितलंत?"

"म्या काय बी न्हाई मागितलं."

"मग कुणासाठी चाललंय हे? कुणी पाठवलंय तुम्हाला?"

"राहू द्या, ताई. सांगण्याजोगं न्हाई."

"चोरीचं असतं, तेच सांगण्याजोगं नसतं."

यमुनाबाईंचे हात थांबले. पाळकसाहेबही मागोमाग दाराशी येऊन उभे राहिले होते. त्यांना बघून यमुनाबाईंनी आवाज खाली आणला.

"सलिलच्या अपघाताला नऊ वर्षं झाली. डॉक्टरांनी आशा सोडली व्हती, तवा तुमी हितं वेदीपुढं पडून रडत व्हता. म्या मागच्या बाकावर व्हते. 'प्रभू, माझ्या पोराला उठव, मरेपर्यंत दर शनिवारी तुझं घर झाडीन,' असं म्हणला व्हता तुमी." त्यांनी पदराला हात पुसले. "पोरगं उठलं. तुमी दोन शनिवार आलात. तिसऱ्या शनिवारी म्या अंधार पडंस्तोवर वाट बघितली, आन् मग झाडू उचलला."