स्पीकरमधली शिट्टी

मस्तगडच्या भंगार बाजारातून आणलेला जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर मी परत खोलला. सगळे कंडेन्सर बदलून झाले होते, ट्रान्सफॉर्मर नवा टाकला होता, अर्थिंगची वायरही वेगळी ओढली होती. तरी गाणं थांबलं की स्पीकरमधून ती बारीक शिट्टी यायचीच. दिवसभर मिलमध्ये सळयांचा खणखणाट सोसून घरी यावं, तर इथं ही कटकट. डोकं उठायचं.

"मला तर काहीच ऐकू येत न्हाई," बायको दर वेळी म्हणायची.

"तुला त्यातलं काय कळतं," मी दर वेळी खेकसायचो.

आज सुट्टी होती. दुपारी उरलेले ट्रान्झिस्टरही बदलले, झाकण लावलं. गाणं लावून थांबवलं आणि डोळे मिटून बराच वेळ स्पीकरला कान चिकटवून बसलो. शिट्टी होतीच. उलट वाढली होती.

"दैवशाला, इकडं ये. तू बी कान लाव. आता सांग, येऊन राह्यली का न्हाई शिट्टी?"

तिनं कान लावला नाही. थांबलेल्या पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आवो, लाइट तर मघाच गेली."