पडद्यावरचा नवरा

"हिच्यावर लक्ष ठेव," तुन लिन आईला म्हणाला. मग बायकोकडे वळला. "आणि तू आईवर. दोघींनी जागा सोडायची नाही."

खांद्यावरची पिशवी त्याने आईच्या मांडीवर टाकली आणि सोन्याचे वर्ख घेऊन तो पुरुषांच्या रांगेत शिरला. महामुनी बुद्धाच्या मूर्तीपर्यंत बायकांना जाऊ देत नाहीत. त्यांनी बाहेर बसून टीव्हीच्या पडद्यावर बघायचं आणि तिथूनच हात जोडायचे.

यी मोनला हा नियम आयुष्यात पहिल्यांदाच आवडला होता. सकाळपासून मंडालेतल्या सगळ्या सोनेरी देवळांत नवऱ्याने तिचं मनगट सोडलं नव्हतं. तो कामावर गेला की घराला बाहेरून कुलूप. फोन त्याच्याकडे. ओळखपत्र त्याच्या पिशवीत, आणि ते नसेल तर पहिल्याच तपासणी नाक्यावर गाडीतून उतरवतात. दारोदार मोहिंगा, म्हणजे माशांच्या रश्श्यातल्या शेवया, विकणाऱ्या बाईने खिडकीच्या गजांतून बहिणीचा निरोप दिला होता, ताई देवळाच्या पूर्वेच्या दरवाजाशी गाडी घेऊन थांबेल. म्हणून तर यी मोनने हट्टाने वर्खाची जास्त पुडकी घ्यायला लावली होती, तेवढाच तो आत अडकून राहील. बायको भाविक झाली म्हणून गडी खूश होता.

पण ओळखपत्र आता सासूच्या मांडीवर होतं. दॉ चिन म्या म्हणजे जिभेला हाड नसलेली बाई. पोटच्या पोराची बाजू सोडून ती सुनेचं काय ऐकणार?

पडद्यावर तुन लिन मूर्तीपाशी पोचला. त्याने पहिला वर्ख तिच्या गुडघ्यावर दाबला. यी मोन सासूकडे सरकली.

"आई, तहान लागलीय. पाणी आणते. पिशवी द्या ना, सुट्टे त्यात आहेत."

"तहान!" सासू खेकसली. "मघाशी अख्खं शहाळं एकटीने संपवलंस. पोट आहे की रांजण?"

शेजारच्या बायका फिदीफिदी हसल्या. यी मोनचे डोळे भरून आले. संपलं सगळं. आता पुन्हा तेच घर, तेच कुलूप.

तुन लिनने दुसरं पुडकं उघडलं. म्हातारीने पडद्यावरची नजर हलवली नाही. तिचा हात तेवढा पिशवीत गेला, चाचपडला, आणि यी मोनचं ओळखपत्र तिच्याच ओटीत येऊन पडलं.

"चपला शोधत बसू नकोस," सासू पुटपुटली.

यी मोनला हुंदका आला. ती घाईघाईने सासूच्या पायांशी वाकली.

"नमस्कार कसले करतेस, बावळट?" दॉ चिन म्याने पिशवीतून आणखी एक ओळखपत्र काढलं, स्वतःचं, आणि पोलक्यात खोचून हात पुढे केला. "मला उठव. गुडघे धरलेत माझे."