आठ दहाला उतरलो

माझा नवरा रुनार दर मंगळवारी फिनलंडच्या आमच्या ओलांड बेटावरून विमानाने स्वीडनला, स्टॉकहोमला जातो, इस्पितळात औषध घ्यायला. सव्वाशे किलोमीटर, पस्तीस मिनिटांचा प्रवास. हल्ली मात्र मला सोबत नेत नाही. शेजारची गुनवोर म्हणाली, "सत्तरीचा म्हातारा गुळगुळीत दाढी करून एकटाच निघतो, आणि तू खुशाल विणत बसतेस? डोळे उघड, बाई!"

आज त्याचा फोन आला. "पोचलो गं. सात पस्तीसला निघालो, आठ दहाला उतरलो."

मी विणकाम बाजूला ठेवलं. स्वीडनचं घड्याळ आमच्यापेक्षा तासभर मागे. इथून सात पस्तीसला निघालेला माणूस तिथे सात दहाला उतरतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. म्हणजे हा विमानात बसलाच नव्हता! पस्तीस मिनिटं मिळवली आणि तास वजा करायला विसरला.

गुनवोरला सांगताच तिने लगेच गाडी काढली. "चल, त्या बयेच्या झिंज्याच उपटू!"

शोधत शोधत गेलो, तर त्याची गाडी किनाऱ्यावरच्या आमच्या होडीघरापाशी उभी होती. मी दार ढकललं. आत तो एकटाच, पालथ्या होडीवर बसलेला.

"कुठंय ती?" मी ओरडले.

"कोणी नाही गं," तो खाली मान घालून म्हणाला.

मग तोच पुढे म्हणाला, "औषधाचा आता उपयोग नाही, असं डॉक्टर महिन्यापूर्वीच म्हणाले. पण दर मंगळवारी तू दारात उभी राहून इतक्या आशेने हात हलवतेस..."