तारेच्या तीन कड्या

दर दोन तासांनी बाबांची कूस बदलावी लागते आणि ते एकट्याचं काम नाही. वेळ व्हायला पाच मिनिटं होती. "प्रयोगशाळेत दिवसभर करतेस तरी काय?" दादानं विचारलं. मी पर्समधून तारेच्या तीन कड्या काढून बाबांच्या पलंगावर ठेवल्या. "हा लिथियमच्या एका दुर्मिळ अणुकेंद्राचा गाभा, हे त्याच्याभोवती लांबून फिरणारे दोन न्यूट्रॉन. कुठल्याही दोन एकमेकींत अडकलेल्या नाहीत, तरी तिन्ही सुटत नाहीत. एक कापली की सगळ्या मोकळ्या." कड्यांबरोबर परगावच्या नोकरीचं पत्रही बाहेर पडलं. आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य, तरी दादा भांडला नाही. पत्र वाचून त्यानं पलंगाखालून स्वतःची भरलेली बॅग ओढली आणि खणातली पक्कड माझ्यापुढे धरली. "काप तुझी कडी. मीही सुटेन." बाबांचा एकच हलता हात कड्यांवर आला. "माझी कापा." दादानं बॅग परत पलंगाखाली ढकलली. "चल, पायांकडून धर."