एक मुलगी सापडली आहे

टिंग! ठमीनं पेल्यावर चमचा आपटला आणि घरातली दुपार दचकून जागी झाली.

"हळू गं! आजी झोपलीय ना आत," ठमीची आई दबक्या आवाजात म्हणाली आणि तिनं लेकीच्या हातातला चमचा काढून घेतला.

समोर बसलेल्या मावशी मात्र खुदकन हसल्या. "असू दे. अगदी हीच घंटा! आमच्याकडे माइकवर काही सांगायचं असलं, की आधी ही वाजायची. पण या चिमुरडीला कुठून कळली? हिच्या जन्माआधीच दुकान बंद पडलं."

"माझ्या आईकडून. चारमजलीच्या गोष्टी ऐकल्याशिवाय घास गिळत नाही ही. मीही तशीच होते."

चारमजली म्हणजे या गावातलं एकेकाळचं सगळ्यांत मोठं दुकान. सुईपासून सोफ्यापर्यंत सगळं एका छपराखाली. मावशींनी तिथे बटणांच्या काउंटरवर उभी हयात काढली होती. नवऱ्याची बदली झाली म्हणून ठमीची आई नुकतीच या गावात आली, आणि शिंपीणबाईंकडे मावशींची गाठ पडली. तेव्हाच तिनं ठरवलं, आपल्या आईच्या वाढदिवसाला हीच भेट द्यायची. चारमजलीचं जिवंत माणूस आईसमोर आणून बसवायचं.

आई तर इथे यायलाच तयार नव्हती. "त्या गावची हवा मला मानवत नाही गं," असं म्हणत किती दिवस टाळलं तिनं. शेवटी नातीच्या ओढीनं आली, पण आल्यापासून घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. मावशींना बघून तरी खुलेल, अशी लेकीची आशा होती.

"लिफ्टवाला आठवतो का आईला?" मावशींनी विचारलं. "लिफ्टमध्ये चार माणसं मावायची, त्यातली दोन म्हणजे तोच!"

ठमी फिदीफिदी हसली. मावशींना आणखी चेव चढला. खांबांचे आरसे, त्यात भांग पाडून घेणारे नवरे, गाद्यांच्या मजल्यावर खरोखरच घोरत पडलेले एक आजोबा. ऐकता ऐकता ठमीच्या आईचा चहा निवून गेला.

तिची स्वतःची पहिली आठवण चारमजलीचीच होती. मांडीखाली काउंटरची गार काच, हातात गोळी आणि आपलंच भोकाड. बाकीचं सारं आईनं भरलेलं. "जिन्यात होते बघ मी, तेवढ्यात माइकवर आलं. एक मुलगी सापडली आहे. पिवळा फ्रॉक, दोन शेंड्या, उजव्या खांद्यावर भाजल्याचा डाग. अशी धावले म्हणतेस!" दर वेळी शब्दन् शब्द तोच. डाग कसा पडला, हे मात्र आई कधी उकळतं दूध म्हणायची, कधी इस्त्री.

"मावशी, पोरं हरवायची का हो तिथे?" तिनं मुद्दाम साळसूदपणे विचारलं. आपलं गुपित आईच्याच तोंडून फुटावं, असं तिच्या मनात होतं.

"हरवायची तर! माझ्याच काउंटरवर आणून बसवायचे. माइकवर फक्त कपडे सांगायचे. अंगावरची खूण कधीच नाही. ती आईनं येऊन सांगायची, मगच मूल हवाली. दुकानाचा दंडकच होता तो."

ती चमकली. "खूण सांगायचीच नाही? कधी चुकूनसुद्धा नाही?"

मावशींनी कप खाली ठेवला. "एकदा चुकलं. नेहमीची मुलगी जेवायला गेलेली, नवखी बसलेली माइकवर. ती खूणही सांगून मोकळी झाली. भाजल्याचा डाग, उजव्या खांद्यावर. लगेच एक बाई धापा टाकत आली. साहेबांनी विचारलं, तिनं घडाघडा सांगितलं आणि पोरीला उचलून गेली. पोर अशी हातपाय झाडत होती..."

आता तिला राहवेना. "मावशी, ती मीच!" ती जवळजवळ ओरडलीच. बाही सरकवून तिनं खांदा पुढे केला. "बघा! आणि ती धावत आलेली बाई म्हणजे माझी आई! आता उठेलच. काय खूश होईल तुम्हाला बघून!"

मावशी खूश झाल्या नाहीत. त्या डागाकडे बघतच राहिल्या. चेहऱ्याचा रंग उतरत गेला.

"म्हणजे ती... ती इथेच आहे? आत?"

"हो. का हो?"

"पोरी," मावशी आतल्या दाराकडे बघत म्हणाल्या, "ती बाई तुला घेऊन गेली आणि मागोमाग तुझी आई आली. तुझ्यासाठी घेतलेली रिबीन हातात होती तिच्या. पोलीस आले, पेपरात तुम्हा दोघींचा फोटो आला, सगळं गाव पालथं घातलं. तू मिळालीच नाहीस. दुकानाला कुलूप लागलं तरी तुझी आई तिथल्या पायरीवर येऊन बसते. आत्ता इकडे येताना दिसली मला."

तिचा हात खांद्यावर तसाच राहिला. बाही खाली ओढायचंही तिला सुचेना. आतल्या खोलीत खाट करकरली, आणि जन्मभर ओळखीचा तो मऊ आवाज आला, "कोण आलंय गं, बाळा?"

ठमी उठून आपल्या आईला बिलगली आणि कानाशी कुजबुजली, "आई, पायरीवरच्या आजीला सांगायचं ना आता, की तू सापडलीस?"