एक दिस खाडा न्हाई

एकाहत्तर साल. कर्जतकडच्या एका वाडीत दवाखान्याची जीप आली, ती मनकर्णाबाईंचे धरलेले गुडघे बघायला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पण त्यांच्यासोबत आलेल्या, व्यायाम शिकवणाऱ्या हन्नाबाईंचा भरवसा गोळ्यांपेक्षा व्यायामावर. बाजेवर बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे मोजायचे, मग खाली घ्यायचा. सकाळ-संध्याकाळ वीस-वीस वेळा, असं त्यांनी म्हातारीकडून घोकवून घेतलं.

दोन महिन्यांनी येऊन बघतात तर गुडघे जसेच्या तसे.

"मावशी, व्यायाम चुकवलात ना?"

"देवाशप्पत, एक दिस खाडा न्हाई." मनकर्णाबाईंनी भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा दाखवल्या.

हन्नाबाईंना आपल्याच विद्येची शंका आली. "बरं, करून दाखवा बघू."

म्हातारीनं चुलीपुढच्या सुनेला हाक मारली.

 

"राहे, ये गं भाईर. माझं उपास नि परदक्षिना जशी माझ्या नावानं करतीस, तसा ह्यो व्यायामबी बाईस्नी करून दाखव."